सागरगोट्याचं बटण

त्या राज्यात घरं जमिनीखाली होती आणि निरोप जमिनीवरून येत. खारूताई पान घेऊन बिळाच्या तोंडाशी यायची, तीन हाका मारायची, पान दगडाखाली सरकवून पुढच्या दारी पळायची. घरधनी आत खोल. पान वाळायचं, वारा ते घेऊन जायचा, आणि मग वर्षभर रुसवेफुगवे चालायचे.

साळोजी साळिंदराचं बीळ सगळ्यांत खोल, कारण कंदांचा व्यापार मोठा. त्याची थोरली बहीण सगुणाक्का समोरच्या टेकडीवर नवं बीळ खणत होती. मदतीला ये म्हणून तिनं धाडलेलं पान वाऱ्यानं नेलं. तिनं एकटीनंच खणलं.

"आता पुढचा निरोप गृहप्रवेशाचा," खारूताईनं साळोजीला बाजारात गाठून सुनावलं. "तोही हुकवा म्हणजे झालं!"

साळोजी चपापला. साळिंदरांची रीतच अशी, की नव्या घरात भावाचं पाऊल पडल्याशिवाय चूल पेटायची नाही. त्यानं त्याच दिवशी कामाला हात घातला. दारापासून तळघरापर्यंत वेल ताणली. वेलीच्या आतल्या टोकाला वाळका भोपळा टांगून त्यात एक म्हातारा काजवा बसवला. खारीनं वेल ओढली की काजवा पेटे. भोपळ्याखाली सागरगोट्याचं बटण. ते दाबलं की काजवा विझे, वर दाराशी शिंपला वाजे आणि खारूताई समजे, निरोप पोचला. घरधन्यानं मग वर जाऊन पान वाचायचं.

बघायला सगळं रान लोटलं. मुंगसानं दोन भोपळे घेतले, एक सासुरवाडीसाठी. कासवाला बटणापर्यंत पोचायला दीड दिवस लागे, तरी त्यानं घेतला. शेजाऱ्याकडे आहे ना! साळोजी भोपळे कोरून थकला. त्याच्या स्वतःच्या तळघरात काजवा सारखा पेटायचा आणि साळोजी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, मागे न बघता, पायानंच बटण दाबायचा. वर जायचं राहून जाई. पण शिंपला वाजे, आणि आपण वेळच्या वेळी उत्तर देतो याचं त्याला फार समाधान वाटे.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी काजवा विझेना.

साळोजीनं एकदा दाबलं, दोनदा दाबलं, मग बटणावर बसकण मारली.

"बिघडलं वाटतं," तो पुटपुटला.

"बटण ठणठणीत आहे, मालक," भोपळ्यातून काजवा म्हणाला. "निरोप मिळाला म्हणून मी विझतो. कोणता मिळाला तेवढं सांगा, लगेच विझतो."

समोरचं गिऱ्हाईक खुदकन हसलं. साळोजी धापा टाकत वर गेला. दगडाखाली पानांची चळत होती. सगळ्यांत खालचं पान अक्काचं, 'चूल मांडली आहे, ये.' मधलंही अक्काचं, 'खारूताई म्हणते निरोप पोचला. मग वाट बघते.' वरच्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसत्या अक्काच्या दातांच्या खुणा होत्या.

तो तसाच टेकडी चढला. अक्का दारात बसून कच्चा सुरण चावत होती. घशाची खाज तिच्या आवाजात उतरली होती.

"या शेठ! शिंपला मात्र छान वाजतो हो तुमचा."

"अक्का, चुकलो."

"चुकलास ते दिसतंय. आता आत येतोस की बाहेरूनच बटण दाबणार आहेस?"

साळोजी काटे मिटून, अंग चोरून आत शिरला. अक्कानं दहा दिवस रचून ठेवलेल्या काटक्यांवर फुंकर घातली. सुरण भाजू लागला. धूर वर चढला, टेकडी उतरला आणि ओढा ओलांडून साळोजीच्या रिकाम्या बिळात हळूच शिरला.

तळघरात, कुणीही बटण न दाबता, काजवा विझला.