एका घटकेची तहान

एका राज्यात बारा वर्षांनी राजकन्या परत येत होती, आणि वाटभर तिच्या डोळ्यांसमोर एक राक्षस उभा होता.

सात नद्यांपलीकडच्या विद्यापीठात तिला निरोप मिळाला होता, "महाराजांना मायेने ग्रासले आहे. त्वरित यावे." राजकन्या शाल्मलीने पुढचे सगळे मनात रंगवून टाकले. वेशीवर आग ओकणारा राक्षस असेल. प्रजा तळघरांत लपली असेल. वडील साखळदंडांत असतील. मग आपण अग्नीचा मंत्र म्हणू, वाऱ्याचा म्हणू, शेवटी पाशाचा म्हणू, आणि सूर्य मावळायच्या आत राज्य मोकळे होईल.

वेशीवर राक्षस नव्हता. दोन पहारेकरी ऊस सोलत बसले होते. बाजार भरलेला होता. राजवाड्याच्या पश्चिम सज्जात राजा जयकेतू स्वच्छ पांढऱ्या वस्त्रांत बसला होता. त्याच्या हातातली ताकाची वाटी अशी थरथरत होती की अर्धे ताक मांडीवर सांडले होते. समोरच्या कोनाड्यात सोन्याचा चषक होता, काठोकाठ भरलेला.

"आलीस, शाल्मली," राजा म्हणाला. "बरे झाले. तुझे नाव मला अजून येते."

राणी हेमांगी वारली त्या वर्षी कालकंठ नावाचा मायावी दरबारात आला होता. तो म्हणाला, "महाराज, हा चषक कधी रिता होत नाही. दुःखावर उतारा आहे." चषकाला शाप होता. तो त्याने लपवला नाही, फक्त हळू आवाजात सांगितला. प्रत्येक वेळी प्यायल्यावर चषक राजाच्या मनातली काही नावे घेऊन जाई. आधी नद्यांची गेली, मग हत्तींची, मग प्रधानांची. न्याय मागायला आलेल्या माणसाला राजा "अरे, तू" म्हणू लागला, आणि लोक न्याय मागायला येईनासे झाले. आता राजापाशी दोनच नावे उरली होती, राणीचे आणि लेकीचे.

सुटकेची वाट एकच होती. ओळीने चाळीस संध्याकाळी चषक राजाच्या ओठांना लागला नाही, तर तो फुटेल आणि नावे परत येतील. राजाने चार वेळा प्रयत्न केला होता. नवव्या संध्याकाळच्या पुढे तो कधी गेला नव्हता.

त्या राज्याचा एक जुना रिवाज होता. सूर्यास्ताला राजाने पश्चिम सज्जात एकट्याने बसून सूर्याला निरोप द्यायचा, आणि त्या वेळी राजाचे हात रिकामे असायचे. हातात शस्त्र चालत नसे, लेखणी चालत नसे, जपमाळही चालत नसे. चषक नेमका त्याच वेळी कोनाड्यातून उठून राजाकडे येई.

शाल्मलीने हे ऐकले, पण तिचे लक्ष मंत्राकडे होते. "आबासाहेब, आता तुम्ही काहीही करू नका," ती म्हणाली. "दरबार बंद. भेटी बंद. नुसती विश्रांती घ्या. बाकीचे मी पाहते." तिने राजाभोवती पाशमंत्राचे रिंगण आखले. ते निळ्या ज्योतीसारखे जळत राहिले.

राजा दिवसभर रिंगणात बसून राहिला. कंटाळला, म्हणून जेवलाही नाही. संध्याकाळी चषक उठला आणि रिंगणापाशी येऊन थांबला. बाहेरून येणाऱ्याला ते रिंगण अडवत होते. राजाने आतून हात बाहेर काढला.

सकाळी त्याने भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवले. "या बाई कोण? चेहरा ओळखीचा वाटतो."

ते चित्र हेमांगी राणीचे होते. आता एकच नाव उरले होते, आणि ते तिचे होते.

ती घटिकाघरात जाऊन बसली, कारण तिकडे कोणी फिरकत नसे. तिथे पाण्याने भरलेल्या मोठ्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत असे. छिद्रातून पाणी चढून वाटी बुडाली की एक घटका भरे, आणि म्हातारी तुंगा थाळीवर टोला देई.

"रडायचे तर तिकडे कोपऱ्यात रडा, बाईसाहेब," तुंगा म्हणाली. "पाण्यात थेंब पडले तर माझी घटका चुकेल."

खुंटीवरची साळुंकी म्हणाली, "शिकली फार, पाहिले कमी."

"मनावर घेऊ नका. खरे बोलायची खोड आहे मेलीला."

"खरेच बोलली ती," शाल्मली म्हणाली. "माझ्यापाशी तीन मंत्र होते, आजी. एकही चालला नाही."

तुंगाने टोला दिला आणि वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. "सात वर्षे मी ताडीच्या मडक्याची चाकर होते," ती म्हणाली. "त्या दिवसांत या राज्यात कधी दुपार दोनदा होई, कधी होतच नसे. तुमचे आजोबा दोनदा जेवले होते एकदा. मलाही कुणी मंत्राने सोडवले नाही."

"मग कशाने?"

"तीन कामे सांगते. पहिले झाले की दुसरे विचारायला या. पहिले काम हे, की महाराजांना चषकाची हाक केव्हा येते ते नुसते पाहा. उपदेश करू नका. पाहा."

शाल्मलीने तीन दिवस पाहिले. संध्याकाळी ती आणि प्रधान रुद्राजी राजाचे दोन्ही हात घट्ट धरून बसत, आणि राजा घामाने भिजून जाई. पण दिवसाही चषक कोनाड्यात हलत असे, हे आता तिच्या ध्यानात आले. जेवण चुकले की तो हले. राजा एकटा पडला की हले. कुणी राजाला "तुम्ही मनात आणले तर सहज सोडाल" म्हणाले, की सर्वांत जास्त हले. ते वाक्य बहुतेक वेळा शाल्मलीच बोललेली असे.

"पाहिले," ती तुंगाला म्हणाली.

"मग ही जोडीची वाटी घ्या. हाक आली की पाण्यावर सोडा, आणि हाक किती टिकते ते पाहा."

चौथ्या संध्याकाळी शाल्मलीने राजासमोर घंगाळ ठेवले. चषक उठला, जवळ आला आणि हेमांगी राणीच्या आवाजात म्हणाला, "एकच घोट." राजाचे दात वाजू लागले. वाटीत पाणी चढत गेले तसा चषकाचा आवाज चढत गेला. मग पाणी काठाला टेकले, आणि आवाज घोगरा झाला, चिरका झाला, थांबला. वाटी बुडाली. चषक कोनाड्यात परत जाऊन बसला.

राजा बुडालेल्या वाटीकडे पाहत राहिला. "एवढीच असते ती?" त्याने विचारले. "मला वाटे, प्यालो नाही तर ती जन्मभर चढतच राहील."

शाल्मली धावतच घटिकाघरात गेली. "एक घटका, आजी! एकच घटका!"

"ठाऊक आहे," तुंगा म्हणाली. "पण रोज दोन माणसांनी हात धरून ती निघणार का? महाराज काय, नांगराला जुंपायचा खोंड आहेत? तिसरे काम हे, की ती घटका आधीच दुसऱ्या कामाला देऊन टाका. हाक आल्यावर काम शोधाल तर उशीर होतो. सकाळीच ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली धूळपाटी घेऊन वडिलांसमोर बसली. दिवसाच्या साठ घटका तिने मांडल्या. पहाटे चालायचे, आणि सज्जाकडच्या वाटेने जायचे नाही. भूक लागण्याआधी जेवायचे. दुपारी दरबार, मग शाल्मली नावे विचारील आणि राजा नव्याने पाठ करील. लिहिता लिहिता ती दिवेलागणीच्या घटकेपाशी थांबली.

"इथे काय लिहू? शास्त्रपठण?"

"शास्त्रपठण लिहिलेस तर मी दोन चषक पिईन," राजा म्हणाला.

शाल्मली हसली. परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. "मग तुम्ही सांगा."

राजाने दिवेलागणीच्या रेघेवर बोट ठेवले. मग म्हणाला, "लहानपणी मी हत्तीखान्यात पळून जात असे. हत्तीसाठी रोट थापायला. वडिलांनी ते बंद केले. राजाचे हात पिठात शोभत नाहीत, म्हणाले."

प्रधान रुद्राजी चपापला. "महाराज, रिवाज! मग सूर्याला निरोप कोण देणार?"

"सूर्य बारा वर्षे मी परदेशी पाहिला, प्रधानजी," शाल्मली म्हणाली. "तिकडे त्याला कुणीही निरोप देत नाही. तरी वेळेवर जातो."

त्या संध्याकाळी राजा जयकेतूने कोपरापर्यंत हात पिठात घातले. म्हातारा माहूत पाहत उभा होता. "महाराज, पीठ सैल झाले," तो शेवटी म्हणाला. "हत्ती आहे तो. त्याला पेज नको, रोट हवा."

चषक हवेतून हत्तीखान्यात आला आणि राजाच्या तोंडासमोर थांबला. "एकच घोट," तो म्हणाला.

"हात भरलेत," राजा म्हणाला. "माहूत, अजून पीठ घाल."

काही संध्याकाळी सोप्या गेल्या. काही गेल्या नाहीत. अकराव्या दिवशी चषक म्हणाला, "दहा दिवस जिंकलास, आज बक्षीस घे." त्या दिवशी राजाने सत्तर रोट थापले, आणि हत्तीने सोंडेने शेवटचे वीस बाजूला सारले. एकोणिसाव्या दिवशी राजा शाल्मलीवर ओरडला, "तू माझी लेक आहेस की तुरुंगाधिकारी?" ती बाहेर गेली. अर्ध्या घटकेने तो स्वतःच घंगाळ घेऊन तिच्या दारात आला आणि म्हणाला, "वाटी सोड. मी बसतो इथे." एका दिवशी पावसाने हत्तीखाना गळला, तेव्हापासून धूळपाटीवर दिवेलागणीपाशी आणखी एक ओळ आली. हत्तीखाना नसेल, तर घटिकाघर.

चाळिसावा दिवस उजाडला. रुद्राजीने गुढ्या उभारल्या. हत्तीला झूल घालून मिरवणुकीला नेले. माहूत त्याच्याबरोबर गेला, पिठाची कोठी कुलूपबंद झाली. "एकच संध्याकाळ उरली," रुद्राजी म्हणाला. "आज महाराजांनी रिवाजाप्रमाणे सज्जात बसावे. प्रजा खाली जयघोष करील." शाल्मलीला वडील अंगणभर लोकांसमोर ताठ बसलेले पाहायचे होते. तिने हो म्हटले.

ती जयघोषाची तयारी पाहायला खाली गेली. सूर्य टेकला तेव्हा तिने वर पाहिले. सज्जा रिकामा होता. कोनाडाही रिकामा होता.

ती सज्जात धावली, हत्तीखान्यात धावली, तिथे नुसता भुसा होता. मग तिला धूळपाटीवरची शेवटची ओळ आठवली.

घटिकाघरात राजा जमिनीवर बसला होता. मुकुट पायापाशी पडला होता. दोन्ही हातांनी त्याने घंगाळाचा काठ धरला होता. चषक त्याच्या ओठांपासून चार बोटांवर होता आणि गोड बोलत होता. "तुझी लेक मला ओळखत नाही, पण मी तिला ओळखतो. तिचे नाव घेऊन जाईन, तर निदान तिची काळजी तरी उरणार नाही."

"शाल्मली," राजा म्हणाला. त्याने मागे पाहिले नव्हते. ती आल्याचे त्याला ठाऊक नव्हते. "शाल्मली. मला फार हवे आहे ते. तुंगा, मला फार हवे आहे."

"असणारच," तुंगा म्हणाली. "वाटी अर्धी भरली. पाहत राहा."

शाल्मली मंत्र म्हणायला पुढे झाली. साळुंकीने तिच्या वाटेत पंख पसरले. ती थांबली, आणि वडिलांच्या शेजारी जमिनीवर बसली. कुणी कुणाचा हात धरला नाही. पाणी चढले. काठाला टेकले. वाटी कलंडली आणि तळाशी गेली.

तुंगाने टोला दिला. चषक मधोमध चिरला आणि त्याचे दोन तुकडे फरशीवर पडले.

"हेमांगी," राजा म्हणाला, आणि रडू लागला. मग त्याला बाकीची नावे आली, नद्यांची, हत्तींची, रुद्राजीच्या आईचेसुद्धा. तो एकेक मोठ्याने म्हणत राहिला, आणि खाली अंगणात ज्याचे नाव पुकारले गेले तो तो "जी महाराज" म्हणत राहिला.

कालकंठ मायावी तुकडे न्यायला आला. तो दारातच उभा राहिला.

"शाप सुटला," तो म्हणाला. "तहान सुटली नाही. ती मी दिलेली नव्हती. मी फक्त चषक दिला होता." तुकडे झोळीत घालून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. लोक आपापल्या नावाने हाक ऐकायला पहाटेपासून रांगेत उभे होते. रुद्राजी प्रसन्न चेहऱ्याने शाल्मलीपाशी आला. "ती धूळपाटी आता भांडारात ठेवू ना, बाईसाहेब? महाराजांनी विश्रांती घ्यावी, असे सगळ्यांचे म्हणणे आहे."

"विश्रांती नको," शाल्मली म्हणाली.

पाटी तिच्या मांडीवर होती. सवयीने तिने एकेचाळिसाव्या दिवसाच्या बारा घटका लिहूनही काढल्या होत्या. अक्षर तिचे होते, रेघ सरळ होती. असेच रोज लिहीत गेलो, तर वडिलांचे केस पिकतील तोवरचे सगळे दिवस आपण आखू शकू, आणि त्यांतला एकही त्यांचा नसेल, असे तिच्या मनात आले. काल संध्याकाळी त्यांना घटिकाघरात तिने नेले नव्हते. ते आपल्या पायांनी गेले होते.

तिने तळहाताने पाटी पुसून कोरी केली आणि वडिलांसमोर ठेवली.

"आजपासून दिवस तुम्ही आखा, आबासाहेब," ती म्हणाली. "त्यातली एक घटका मला द्याल, तर मी येईन."