आळीआळीची घंटा

एका राज्यात भरदुपारी धुकं उतरलं. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारून या. मी इथंच बसतो.

झालं असं. एका जादूगारणीने राजवाड्याच्या दाराशी पाणी मागितलं. राजा विशालकीर्ती आतूनच ओरडला, "घरात कोणी नाही!"

"तसंच होवो," ती म्हणाली. "जो बाहेर आहे तो बाहेरच हरवेल. माणसं आपापल्या उंबऱ्यात परततील, तेव्हाच धुकं फिटेल."

राणी इंदुलेखा तेव्हा नदीवर होती. ती परतली नाही. धुक्यात हाक हातभरही जाईना. राजा रोज दोन पानं मांडी, एकावर जेवी, दुसऱ्याकडे बघत राही.

एके दिवशी खिडकीत तांबट पक्षी आला. पक्षी बोलत होता, त्यात नवल ते काय!

"राजा, हाक जात नाही, पण धातूचा नाद जातो. घंटा कर. माझी टुकटुक तुला एकट्यालाच ऐकू येते. चल मागून."

धुक्यापलीकडच्या डोंगरावर नागोजी ओतारी एकटाच राही. मेण तोच घडवी, साचा तोच करी, भट्टी तोच फुंकी, कानस तोच चालवी. बोलायला भट्टीखेरीज कोणी नव्हतं.

"लवकर होईल?" राजाने विचारलं.

"घाई असेल तर थाळी वाजवा."

ऋतू पालटला तेव्हा एक घंटा झाली. नाद असा, की ऐकणाऱ्याला आई आठवावी. पण एकट्या घंटेचा नाद त्या धुक्यात चहूकडून येई. हरवलेली माणसं जागच्या जागी गरगर फिरली. राणी आली नाही.

मग पक्ष्याने राजाला माळावरच्या लांब पडवीत नेलं. तिथं एकजण नुसता साचा मिटी, दुसरा नुसता रस ओती, तिसरा नुसती कडी बसवी. घंटा हातोहात पुढे सरके. खांद्याला खांदा लागलेला, पण शेजाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.

मुकादम म्हणाला, "घराघराला घंटा देतो, महाराज. संध्याकाळच्या आत!"

दिल्या. राजाने स्वतः दारोदार टांगल्या. आतल्या माणसांनी वाजवल्या. पण सगळ्यांचा नाद एकच! तेली वैद्याच्या पाटावर जाऊन बसला. "आमटी अळणी आहे," म्हणाला, तेव्हा चूक कळली. धुकं अधिकच दाटलं.

राजा पायरीवर बसून रडला. पक्षी म्हणाला, "आता गोजराबाईकडे."

गोजराबाई ओतारीण भट्टीशी उभी होती. राजाने सारं सांगितलं.

"एकेक करत बसले तर तुम्ही म्हातारे व्हाल. सरसकट केल्या तर पुन्हा तोच गोंधळ. आज एका आळीच्या साऱ्या घंटा ओतू. उद्या कथील कमीजास्त करून, साचे बदलून दुसऱ्या आळीच्या. साचे बदलताना भट्टी रिकामी जळेल. सोसाल?"

"सोसेन. पण एका आळीत सगळ्या सारख्याच ना? राणी दार कसं ओळखेल?"

"तोंड आहे ना त्यांना? शेजारच्या दारी विचारतील!"

घंटा लागल्या. प्रत्येक आळीचा नाद निराळा, तिथल्या रोजच्या कामाच्या आवाजासारखा; ऐकताच आपली आळी ओळखू यावी. सुतार सुतारआळीत आला, विणकर विणकरआळीत. राजवाड्याच्या आळीतही एक सावली आली आणि तिने पहिलंच दार ठोठावलं. ते माहुताचं घर होतं.

"बाई, राजवाडा कोणता हो?"

माहुताची बायको बाहेर आली. "अगं बया, राणीसाहेब! इतकी वर्षं शेजार, अन् दार ठाऊक नाही?"

"कधी विचारायची वेळच आली नाही."

"चला, हात धरा. मीही आज प्रथमच बाहेर पडतेय."

जिथे एकाने दुसऱ्याचा हात धरला, तिथलं धुकं विरत गेलं. आळीआळीतून माणसं एकमेकांना घरपोच करू लागली. राजा मात्र डोळे मिटून घंटा बडवतच होता. त्याच्या मनगटावर कोणीतरी हात ठेवला.

"पुरे आता," इंदुलेखा म्हणाली. "मी आलेय."

ऊन पडलं. राजाने धावत जाऊन दोन पानं मांडली. राणीने माहुताच्या बायकोला आत ओढलं आणि तिसरं पान मांडलं.

त्या राज्यात अजूनही मुकुट नागोजी घडवतो, खिळे माळावरच्या पडवीत होतात, घंटा गोजराबाई ओतते. आणि घर सापडलं नाही, तर माणसं शेजारी विचारतात. त्यांचा शेजार टिकला, तसा तुमचा-आमचा टिको.