तळ्याची वाट अडवणारं कासव

धुकंसुद्धा बोलायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका रानातल्या तळ्याचं पाणी बिघडलं आणि ते पिणाऱ्यांना ताप येऊ लागला. पाणवठा बंद करायचा हक्क डोंगरावरच्या हत्तीमहाराजांचा, म्हणून तळं राखणाऱ्या कासवाने बगळ्याबरोबर निरोप धाडला. उत्तर आलं, "विचार चालू आहे."

सकाळी धुक्यातून हरिणी आपल्या तहानलेल्या पाडसाला घेऊन आली. कासव वाटेत आडवं बसलं.

"सरका कासवमामा! हुकूम आलाय का?"

"नाही गं बाई. पण ताप काही हुकमासाठी थांबत नाही."

"मग माझ्या लेकराने काय दव चाटायचं?"

नुसतं अडवून तहान कशी भागणार? कासव उठलं आणि हळूहळू कपारीतल्या झऱ्याकडे निघालं. मागे हरिणी, पाडस, ससे, मोर. सगळं रान जणू स्वप्नात चालत होतं.

पुढे एके दुपारी हत्तीमहाराज स्वतः खाली उतरले. "तळं बंद करण्याचा हुकूम झाला आहे," ते म्हणाले आणि दमून सवयीने त्यांनी तळ्याकडेच सोंड वळवली.

हरिणी चटकन वाटेत आडवी आली. "हुकूम मग सांगा, महाराज. आधी झऱ्यावर चला."

महाराज मुकाट्याने कासवामागून चालू लागले, कासवाच्याच चालीने.