धनगरटेकडीवरची चाकोरी

इथे येणाऱ्याला सगळ्यात आधी खटकते ती चाकोरी. वज्रकड्यावरच्या गडासमोर, अरुंद दरीच्या अलीकडे धनगरटेकडी आहे. तिच्या मुरमात चाकांचे दोन चर आहेत, कोपरभर खोल. पावसाने बुजले की वाडीतल्या बायका कुदळीने पुन्हा उकरतात.

"हितं ना वाट, ना बाजार. मग एवढं जड काय नेलं असंल?" हौसामावशी शेंडगे पाहुण्यांना विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागतात.

फौज येणार अशी आवई उठली तेव्हा वाडीतल्या बायका आणि लेकरं गडावर नेऊन ठेवली होती, असे सांगतात. कोंडाबाई धनगरीण मेंढरांपायी खाली राहिली. तिची लहानगी गोजरी वर होती. एका सकाळी मेंढरं टेकडी चढेनात. कोंडाबाई पुढे गेली, तर ही चाकोरी, मधे बैलांच्या खुरांचा नुसता राडा, आणि झाडीआड पितळेचं लांबलचक धूड. तोंड गडाकडे. असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण हे आणणाऱ्यांना कडा चढायचाच नाही, एवढं तिला कळलं.

ती दरवाजाखाली धावली. बुरुजावर किल्लेदार होता, आजच्या गडकर घराण्याचा मूळपुरुष.

"काय गं, मेंढरं हरवली का?"

"धनी, टेकडीवर मोठं धूड आणलंय. तोंड हिकडं हाय. मागची चोरदिंडी उघडा, माझी पोर सोडा, समद्यांचीच सोडा!"

"टेकडीवरून बाण मारून तट पडतो होय? कड्याला भिडू दे त्यांना. धोंडे रचून ठेवलेत."

वरची माणसं हसली. धनगरीण आता किल्लेदारी शिकवणार, म्हणे!

त्यांचंही खरं होतं. आजवर गड तसाच राखला होता. शत्रू कडा चढू लागला की तटावरचे धोंडे लोटायचे. म्हणून तर बायका-लेकरं त्याच तटाच्या आडोशाला बसवली होती. त्याहून भक्कम जागा गडावर नव्हती.

शत्रू कड्याशी आलाच नाही. टेकडीवर धूर दिसला, मग आवाज आला, आणि तट रचलेल्या धोंड्यांसकट आत कोसळला. आपलेच धोंडे, आपल्याच लेकरांवर. शत्रूचं तोंडसुद्धा कोणाला दिसलं नाही.

कोंडाबाई खालून ओरडत राहिली, "आत कोण हाय?" किल्लेदाराने ते ऐकलं, म्हणे. तो तेव्हा चोरदिंडीतून बाहेर पडत होता. तिच्या पोरीसाठी न उघडलेली तीच दिंडी.

पुढे कोंडाबाईची शिळा झाली, असं कोणी म्हणालं की हौसामावशी भडकतात. "शिळा कशाला होईल? वरडून वरडून नरडं फाटलं तिचं! शिळा झाली म्हटलं की ऐकणारे सुटले."

किल्लेदाराच्या घरातून जबाब येत नाही तोवर ही चाकोरी बुजू द्यायची नाही आणि हाक थांबू द्यायची नाही, असं कोंडाबाईने वाडीला बजावलं. आजही दरवर्षी, तट पडला त्या दिवशी, वाडीतली एक मुलगी चाकोरीत उभी राहून हाक देते. समोर पडक्या तटाशी गडकरांचं घराणं जमतं. त्यांनीही मागाहून तोफ घेतली होती; तिला हळदकुंकू लावतात, बार काढतात. जबाब देत नाहीत.

यंदा हाक माझ्याकडे होती. कॉलेजात शिकते, पण साध्या फटाक्याला दचकते मी. पहिला बार झाला आणि मी चाकोरीतच मटकन बसले. वर कोणीतरी हसलं. त्या हसण्याने माझ्या अंगाचा भडका उडाला. तुमची तोफ सजते, आणि तिच्याखाली कोण आहे?

"आत कोण हाय?" मी ओरडले.

दुसऱ्या बाराची बत्ती पेटली.

"किल्लेदार! आत कोण हाय? गोजरी कुठं हाय?"

थोरले आबासाहेब गडकर पुढे आले. त्यांनी बत्तीवाल्याचा हात धरला. डोक्यावरचा फेटा काढला आणि तटाच्या खिंडारात येऊन उभे राहिले.

"गोजरी इथंच आहे गं," दरीपलीकडून त्यांचा फाटका आवाज आला. "सगळी इथंच आहेत. दिंडी आम्ही उघडली नाही."