नाव घेण्याच्या पायऱ्या

मॉरिशसच्या दक्षिणेला, उसाची शेतं डोंगराच्या पायाशी थांबतात तिथे, बेल रोश नावाची पन्नास-साठ घरांची वस्ती आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाच्या सात पायऱ्या आहेत. त्या चढून गेलं की वर काहीच नाही. सपाट जोतं, त्यावर नीट कापलेलं गवत, आणि समोर थेट समुद्रापर्यंत ऊस. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हमखास विचारतात, "इथलं देऊळ पडलं का?" मग लिंबाजीआजोबा, ज्यांच्या पाच पिढ्या याच वस्तीत गेल्या, वहाणा खाली काढून दुसऱ्या पायरीवर टेकतात आणि सांगतात, "देऊळ नव्हतं ते. शाळा होती. इंग्रजीची. आणि ती बांधली कोकणातल्या अकरा बायकांनी. त्यातल्या दहा जणींनी हे बेट कधी पाहिलं नाही."

ते सांगतात ती हकिगत अशी.

ऊसमळ्यावर काम करायला आपली माणसं जहाजातून आली, त्या काळातली ही गोष्ट. बेल रोशमध्ये तेव्हा सगळी घरं मराठी. साहेबाची भाषा इंग्रजी, मुकादमाची फ्रेंच, शेजारच्या मळ्यावर भोजपुरी नि तमिळ. यांची भाषा यांच्यापुरती. या वस्तीत सोमा नावाचा एक मुलखाचा अबोल माणूस होता. त्याला इंग्रजीतला एकच शब्द यायचा, तो म्हणजे 'येस'. कुणी साहेब समोर आला की 'येस' म्हणायचं, मान खाली घालायची, साहेब पुढे जातो, एवढं तो शिकला होता.

एकदा तो शहरात दोरखंड आणायला गेला आणि वाटेत शिपायांनी त्याला अडवलं. दूरच्या एका मळ्यावरून सामी नावाचा मजूर करार मोडून पळाला होता, त्याचा शोध चालला होता. शिपायाने विचारलं, तू सामी का? सोमा म्हणाला, येस. मळ्यावरून पळालास का? येस. झालं. कागदावर सामी म्हणून त्याचा अंगठा घेतला आणि सामीच्या करारातली उरलेली वर्षं भरून काढायला त्याला सरकारी तुरुंगात दगड फोडायला बसवलं.

सोमाची बायको भागी. ती दोनदा कोर्टात जाऊन आली. तिथल्या दुभाष्याला तमिळ येई, भोजपुरी येई, मराठी येत नसे. भागी रडून सांगे, तो खांदे उडवून साहेबाला काहीबाही सांगे. दोन्ही वेळा तिला बाहेर काढलं. तिसऱ्या खेपेला ती कोर्टात गेलीच नाही. बंदरावर गेली. मुंबईला निघालेल्या जहाजावर रत्नागिरीकडचा एक भंडारी, खलाशांचा स्वयंपाकी, होता. त्याच्या हाती तिने गणू भगताकडून लिहून घेतलेली चिठ्ठी दिली. गणू भगत वस्तीचा पुजारी, चार अक्षरं तेवढ्यालाच येत. चिठ्ठीत होतं म्हणे, "इथे देव आहे, ढोलकी आहे, भाकरी आहे. साहेबापुढे तोंड उघडत नाही. एक शिकवणारं माणूस धाडा."

चिठ्ठी खारवाडे गावी पोचली. बेल रोशची निम्मी घरं मूळची त्याच गावची. तिथे आवडाकाकी नावाच्या एका वयस्क बाईने अकरा जणींचं मंडळ चालवलं होतं. रोज भात वैरताना प्रत्येकीने एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, त्यातून गावातल्या अडल्यानडल्याला आधार द्यायचा, एवढंच त्यांचं काम. काकीने चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाली, "हे पण आपलंच अडलेलं माणूस. मधे पाणी जरा जास्त आहे."

मंडळातली सगळ्यात धाकटी मथुराबाई. लहानपणी वैधव्य आलेली, पण वडिलांनी हट्टाने शिकवलेली. मुलींच्या शाळेत ती इंग्रजीची पहिली दोन पुस्तकं शिकवी. जायचं कुणी, हा प्रश्नच आला नाही. सगळ्या तिच्याकडे बघू लागल्या आणि ती हो म्हणाली. भाडं आणि पाट्यांचे पैसे मुठीच्या तांदळातून निघाले. पण जहाजावर चढायच्या दिवशी तिचा धीर सुटला. धक्क्यावर काकीला बाजूला घेऊन ती म्हणाली, "काकी, एक सांगायचं राहिलंय. मी जन्मात साहेबाशी इंग्रजी बोललेली नाही. वडिलांनी शिकवलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. मी बोलते ते फळ्याशी. ते खरंच इंग्रजी आहे की नाही, मला ठाऊक नाही."

काकीने तिचं गाठोडं उचलून तिच्या हाती दिलं. मग म्हणाली, "जा तू. तिथे तेवढंही कुणाला येत नाही."

मथुराबाई बेल रोशला उतरल्या तेव्हा लोकांना आनंद झाला, आणि लगेच संशयही आला. फी नाही, दक्षिणा नाही, पाटी-पेन्सिलसुद्धा हीच देणार. फुकट कोण शिकवतं? बाटवायला आली असेल, असं काहीजण बोलू लागले. पहिले आठ दिवस त्यांच्यापुढे एकटी भागी बसली. मळ्याच्या मालकाने जागा दिली तीही नांगर न चालणारी. शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचा मोठा ढीग रचलेला होता, तीच. बाईंनी पदर खोचला. रोज सकाळी ढिगातले दगड उचलून त्या जोतं रचू लागल्या. नवव्या दिवशी एक गडी आला, मग चार आले. महिन्याभरात जोतं झालं, सात पायऱ्या झाल्या, वर उसाच्या पाचोळ्याचं छप्पर चढलं. ऊसतोडणी आटोपून दिवस मावळायच्या आत बायाबापे तिथे जमू लागले.

अशात बातमी आली. तुरुंगातल्या काही कैद्यांना दूरच्या नारळाच्या बेटांवर धाडणार, आणि त्यात सामीचं नाव आहे. तिकडे गेलेला माणूस परतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्याआधी अर्ज ऐकणारं कोर्ट चाळीस दिवसांनी भरणार होतं.

मथुराबाई स्वतः कोर्टाच्या कचेरीत जाऊन आल्या. तिथला कारकून भोजपुरीतून नि खुणांनी बोलला, ते बाईंनी अंदाजाने जुळवलं. तो म्हणाला, तुम्ही सोमाला कधी पाहिलंय का? नाही ना? मग तुमची साक्ष कशाला? त्याला ओळखणारं रक्ताचं किंवा लग्नाचं माणूस हवं, आणि दुभाषा नको असेल तर ते इंग्रजीत बोललं पाहिजे.

म्हणजे भागीलाच बोलावं लागणार होतं. त्या दिवशी जोत्यावर उभं राहून बाईंनी सगळ्यांदेखत नेम केला, "सोमा घरी येईस्तोवर मी शिकवताना बसणार नाही आणि दिवसाला एकदाच जेवेन." त्यांनी भागीसाठी इंग्रजीत पाच वाक्यं बांधली. हा माझा नवरा आहे. याचं नाव सोमा. हा सामी नव्हे. हा बेल रोशचा. याला घरी पाठवा. भागीला वरच्या पायरीवर उभी करायची, आपण खाली शेताच्या बांधावर जायचं आणि सांगायचं, "साहेब उंच बसतो, लांब बसतो. इथवर ऐकू आलं पाहिजे."

पहिलं वाक्य आठ दिवसांत आलं. दुसऱ्यापाशी गाडं अडलं. "हिज नेम इज," एवढं म्हणून भागी तोंडाला पदर लावी. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिला आईने सांगितलेलं. "बाय, दुसरं कायपण सांगा," ती म्हणे, "आधीच त्याचं आयुष्य तिकडे दगडात चाललंय. मी आणखी कशी कापू?" बाईंनी परोपरीने समजावलं. भागी ऐकत होती, रडत होती, पण नाव काही येत नव्हतं. पंधरा दिवस गेले.

शेवटी भागी म्हणाली, देवाला विचारा.

आता यात एक अडचण होती. खारवाड्याहून येताना पहिल्या माणसांनी ग्रामदेवतेच्या नावाने एक धोंडा आणला होता. त्याची पूजा होई, नवस होत, पण त्या धोंड्याने इकडे आल्यापासून कधी कौल दिला नव्हता. पाकळ्या लावाव्यात, त्या चिकटल्या जागीच सुकून जाव्यात. समुद्रापलीकडचं देवाला ऐकू येत नाही, असं लोक धरून चालले होते. तरीही गणू भगताने जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून धोंड्याला लावल्या. उजवी पडली तर नाव घ्यायचं, डावी पडली तर नाही. सगळी वस्ती उन्हात बसून राहिली. वारा नव्हता. भागीने हात जोडून विचारलं, "नाव घेऊ का? त्याला सोडवायला घेते. साहेबाच्या भाषेत घेते." असं सांगतात की तिचं वाक्य पुरं झालं आणि उजवी पाकळी सुटून खाली आली. डावी संध्याकाळपर्यंत तशीच होती.

त्या दिवशी वरच्या पायरीवरून भागीने सोमाचं नाव घेतलं. शेताच्या बांधापर्यंत ऐकू गेलं, आणि तिथे मथुराबाईंनी डोळे पुसले.

कोर्टाचा दिवस आला. वस्तीतले वीस-बावीस लोक पहाटे निघून चालत गेले. साहेब आला, बसला, कारकुनाशी काही बोलला. मथुराबाई कान देऊन ऐकू लागल्या. त्यांना चारातला एक शब्द कळला. त्यांच्या पुस्तकातलं इंग्रजी आणि हे, यांचा काही संबंध असेल असं वाटेना. आपण या बाईला चाळीस दिवस भलतंच काही शिकवलं, आणि आता सगळ्यांसमोर तिचं हसं होणार, हा एकच विचार त्यांच्या मनात घुमू लागला. तिला थांबवावं असंही वाटलं. पण भागी पुढे झाली होती.

शेताच्या बांधावर पोचेल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली, "सर, धिस मॅन इज माय हजबंड. हिज नेम इज सोमा. ही इज नॉट सामी. ही इज फ्रॉम बेल रोश. प्लीज सेंड हिम होम."

साहेबाने हातातली लेखणी खाली ठेवली. भागीकडे बघून त्याने काही विचारलं. ते पाच वाक्यांत नव्हतं. मथुराबाईंना त्यातलं 'हाऊ' आणि 'जाणणे'चं 'नो' एवढंच उमगलं. कशावरून म्हणतेस, असं काहीतरी. भागीने सोमाकडे पाहिलं. तो दाराशी शिपायांमध्ये उभा होता, वाळून अर्धा झालेला. आणि ती म्हणाली, "आय कुक. ही ईट. ट्वेंटी इयर."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्गात सुटे सुटे शब्द कानावर पडले होते, तिने ते जुळवले.

साहेब हसला नाही. तो सोमाकडे वळला आणि सावकाश विचारलं, "आर यू सामी?"

सोमा म्हणाला, "येस."

वस्तीच्या लोकांनी कपाळाला हात लावला. भागी मात्र वळली आणि कोर्ट विसरून आपल्या बोलीत म्हणाली, "अवो, नो म्हणा. नो. नाय म्हणजे नो." सोमाने बायकोकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. साहेबाने पुन्हा विचारलं. "नो," सोमा म्हणाला. आणि मग धीर येऊन आणखी दोनदा म्हणाला.

दुपारी त्याच्या हातातली बेडी काढली.

मथुराबाई तिथेच कोर्टाच्या फरशीवर खाली बसल्या. शिपाई येऊन उठा म्हणाला, पण त्या बसूनच राहिल्या. चाळीस दिवसांचा थकवा होता आणि दिवसाला एका जेवणाची भूकही होती, पण त्याहून मोठं काहीतरी अंगातून उतरून गेलं होतं. साहेबाला समजलं होतं. वडिलांनी ओसरीवर बसून शिकवलेलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी शिकवलेलं, ते इंग्रजीच होतं. इतकी वर्षं त्या जे करत आल्या ते खोटं नव्हतं. भागीने त्यांना उठवलं आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांनी मिळून त्यांना पोटभर जेवू घातलं. सोमा सगळ्यांच्या मागून चालत होता. कुणी काही विचारलं की "नो" म्हणे आणि हसे.

खारवाड्याला तीन महिन्यांनी पत्र पोचलं. त्यात दोनच ओळी होत्या म्हणे. "सोमा सुटला. माझं इंग्रजी चालतं." आवडाकाकीने ते दहाही जणींसमोर वाचून घेतलं, आणि मुठीतले तांदूळ चालू ठेवले.

शाळा बावीस वर्षं चालली. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. मथुराबाई परत गेल्या नाहीत; डोंगराच्या कुशीला त्यांची समाधी आहे. पुढे एका मोठ्या तुफानाने छप्पर नेलं. तोवर सरकारी शाळा निघाली होती, म्हणून पुन्हा बांधायची गरज पडली नाही.

लिंबाजीआजोबा इथवर येतात तेव्हा पाहुण्यांपैकी कुणीतरी पाकळीचं खरं का, असं विचारतं. ते म्हणतात, "मी नव्हतो तिथे. पण तेव्हापासून धोंडा कौल देतो, हे मी पाहिलंय."

आजही बेल रोशमध्ये लग्न लागलं की नवी नवरी घरात जाण्याआधी या पायऱ्या चढते आणि खालच्या बांधापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याचं नाव इंग्रजीत घेते. मग वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई नवरदेवाला विचारते, "आर यू सामी?" त्याने 'नो' म्हणायचं असतं. गेल्या साली लंडनला वाढलेला एक मुलगा नवरदेव होता. इंग्रजीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. एवढ्या माणसांसमोर तो गोंधळला आणि चटकन 'येस' म्हणून गेला. लोक हसून हसून खाली बसले. पण म्हातारी हसली नाही. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, त्याला दम घेऊ दिला, आणि मग सावकाश पुन्हा विचारलं.

तो 'नो' म्हणाला. मग सगळे जेवायला गेले.