पुलाखालची सावली

खाडीकाठचा जुना उड्डाणपूल पाडावा की ठेवावा, यावर पुलाशेजारच्या मैदानात सभा भरली होती. एक इंजिनियर म्हणाला पाडा, दुसरा म्हणाला ठेवा. पुलाखाली मासळी विकणारी धर्मीबाई पार गोंधळून गेली. वरून सिमेंटचे तुकडे पडत होते आणि तिचा धंदा तर तिथंच.

"पूल भक्कम आहे! खाली बिनधास्त बसा," आयुक्त घाम पुसत गरजले.

धर्मीबाई भीतभीत उठली. "सायेब, मना काय समजत नाय. पुलाखालची येवढी गार सावली सोडून तुम्ही मांडव भर उन्हात का घातला?"

"चला, तिथंच बसू!" मागून कोणीतरी ओरडलं. मंचावरचं कोणीच उठेना.

अखेर आयुक्त हळूच म्हणाले, "पाडायचं लिहा. आणि मासळीबाजाराला दुसरी जागा बघा."