रित्या हातांची जैतूनबी

फार फार मागची गोष्ट. पिंपरण्याच्या बाजारात मदार मणियार बांगड्या विकायचा. हात असा हलका, की बांगडी चढलेली पोरींना कळतसुद्धा नसे. कुणाला काही द्यायची वेळ आली, की तोच हात आखडायचा.

विकण्यासाठी ठेवलेल्या मालावर वर्ष सरलं, की त्याच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा गोरगरिबांना जकात म्हणून द्यावा लागतो. घरच्या वापराच्या वस्तूंवर जकात नसते. त्या साली रमजानात मशिदीचे मुल्लाजी आठवण करून द्यायला आले. दुकान छपरापर्यंत भरलेलं. मदारनं आपल्या एकुलत्या लेकीकडं बोट दाखवलं.

"इकायचं काय न्हाई, मुल्लाजी. ह्या समद्या माझ्या जैतूनच्या बांगड्या."

"माल कशापायी ठेवलाय, ते तुला ठावं आन् अल्लाला ठावं," म्हणून मुल्लाजी गेले. मदार मनात खूश. काय ती हुशारी!

असं म्हणतात, की बांगड्यांनी ते ऐकलं.

पुढच्या बाजारी एकही बांगडी कुणाच्या हातात चढेना. मनगटाशी आली की तडकायची. मदार वैतागून घरी आला, तर जैतूनच्या हातांत हिरवा चुडा. कुणी भरला, तिलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बांगड्या कोपरापर्यंत आल्या. एक फोडली की तिच्या जागी दुसरी. इकडे दुकान रितं होत होतं, तिकडे घरात किणकिण वाढत होती. जैतून निपचित पडलेली असली तरी काच वाजतच राही. तिची बोटं निळी पडली, घास उचलेना.

"अब्बा, तुमीच म्हनला न्हवं, समद्या माझ्या? म्हनून येत्यात," ती म्हणाली. "आता गळ्याकडं चालल्यात."

मदार अनवाणी बाजारात धावला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "इकायचं हाय! समदं इकायचं हाय! मी खोटं बोललो!"

घरी आला, तर बांगड्या सैल झाल्या होत्या, पण उतरत नव्हत्या. त्यानं रडत रडत हिशेब केला, हिस्सा काढला, गरिबांच्या दारी पोचवला. तेव्हा कुठं त्या गळून पडल्या. असं म्हणतात, की त्यातली एकही फुटली नाही.

बापाच्या खोट्याचा भार लेकीनं वाहावा, हे मला अजूनही पटत नाही. जैतूननं पुढं तेच दुकान चालवलं, म्हातारी झाली, गावाची जैतूनबी झाली. हात मात्र जन्मभर रिते ठेवले. बायका नावं ठेवायच्या, ती हसायची.

आजही पिंपरण्यात जकातीच्या हिशेबाला बसताना दुकानदार आधी लेकीला हाक मारतो. "जैतूनबीच्या नावानं सांग, यातलं तुझं काय?" लेक मोकळे हात पुढं करते, आणि मग मोजणी सुरू होते. मोजताना कुठं किणकिण ऐकू आली, तर बाप मान वर करत नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.